मंगळावरच्या खड्ड्याचं बारसं

"तुम्ही काय करता?" असं कोणी विचारलं आणि मी "मंगळावरचे खड्डे मोजते" हे खरं उत्तर दिलं, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग ठरलेलं वाक्य बोलतो, "मग आमच्या रस्त्यावरचे मोजा की!" साताऱ्यातल्या रिक्षावाल्यांनी मला हे ऐकवलंय. दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना ऐकवलंय. माझ्या निरोप समारंभात संस्थेच्या संचालकांनीही, जणू जगात पहिल्यांदा त्यांनाच सुचलंय अशा थाटात, हेच वाक्य टाकलं आणि टाळ्या घेतल्या. पूर्वी राग यायचा. आता मी म्हणते, "मोजले असते हो, पण मोजून होईपर्यंत तुमचे वाढलेले असतात."

गंमत म्हणजे रस्त्याचा आधार घेतल्याशिवाय मला माझा धंदा समजावून सांगताच येत नाही. दोन रस्ते आहेत. एकावर दोन-चार खड्डे, दुसऱ्याची पार चाळण झालेली. जुनं डांबर कुठलं? कुणीही सांगेल. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे ते कंत्राटदारावर असतं. बरोबर आहे, पण मंगळावर कंत्राटदार एकच आणि तो सगळीकडे सारखंच काम करतो. आकाशातून दगड पडत राहतात. ज्या जमिनीवर खड्डे जास्त, ती जुनी. जिथे लाव्हा पसरला किंवा नदीचा गाळ बसला, तिथले जुने खड्डे बुजले आणि मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. चंद्रावरून आणलेल्या खऱ्या दगडांचं वय प्रयोगशाळेत काढलेलं आहे, त्यावरून इतके खड्डे म्हणजे इतकी वर्षं असा हिशेब बसवला गेला. तोच थोडा फिरवून आम्ही मंगळाला लावतो. जिथे कोणी पाय ठेवलेला नाही, त्या जमिनीचं वय आम्ही असं घरबसल्या सांगतो, आणि बहुतेकदा ते फारसं चुकत नाही.

लोकांना वाटतं, मी दुर्बिणीला डोळा लावून बसत असेन. उभ्या नोकरीत कामासाठी मी एकदाही दुर्बिणीला डोळा लावलेला नाही. माझ्या शेजारच्या खोलीत ताऱ्यांवर काम करणारे सहकारी होते. ते अवकाशातल्या दुर्बिणींनी टिपलेलं वाचायचे, मी मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी काढलेले फोटो वाचायची. यान पाठवणारे वेगळे आणि ते पोचल्यावर टीव्हीवर मिठ्या मारणारे वेगळे. टाळ्या संपल्यावर जे काही खाली येतं, ते वर्षानुवर्षं वाचत बसणारी आमची जात. काही काळाने हे फोटो सगळ्या जगाला खुले होतात. म्हणूनच गुजरातेतल्या संस्थेतून निवृत्त होऊन मी साताऱ्याला परतले, तेव्हा माझं काम माझ्यासोबत आलं. इथल्या एका कॉलेजने मला एक खोली दिली, दोन संगणक दिले आणि विद्यार्थी दिले. मी मूळची फलटणची, त्यामुळे घरी आल्यासारखंच झालं.

काम कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगते. पडद्यावर खड्ड्याच्या काठावर तीन ठिकाणी टिचकी मारायची की वर्तुळ तयार होतं. झाला एक खड्डा. मग पुढचा. डोळ्यांना पाणी येतं, मान अवघडते, आणि घरी जाऊन पोळीवरचे फोड दिसले तरी हात शिवशिवतो. शिवाय चुका करायला भरपूर वाव. सगळ्यात मोठी चूक उजेडाची. उजेड वरून येतो, असं आपला डोळा धरून चालतो. फोटोत तो खालून आलेला असेल तर खड्ड्याची टेकडी दिसते आणि टेकडीचा खड्डा. नवी असताना एका बैठकीत आम्ही सगळ्यांनी मिळून एका सुंदर टेकडीचं कौतुक केलं होतं. चहा देणाऱ्याने ट्रे ठेवायला कागद फिरवला आणि टेकडी खड्ड्यात गेली. दुसरी चूक उडालेल्या दगडांची. मोठा आघात झाला की त्यातून उडालेले दगड दूरवर पडतात आणि त्यांचेही खड्डे होतात, माळेसारखे ओळीने. ते मोजणीत धरले तर तरणी जमीन म्हातारी ठरते. हे खड्डे ओळखून वगळायला शिकवणं, हे माझ्या शिकवण्याचं निम्मं काम.

गावात शास्त्रज्ञ आहे म्हटल्यावर गिऱ्हाइकंही येतात. लोणंदचे एक कांद्याचे व्यापारी माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांच्या साठीला जावयाने चंद्रावरचा प्लॉट भेट दिला होता, कसल्याशा संकेतस्थळावरून. तो कायद्याने कुणाचाच होत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते मानेनेच बाजूला सारलं.

"ते असू द्या. आमचा प्लॉट खड्ड्यात तर न्हाई न्हवं, तेवढं बगा."

मी बघितलं. खड्ड्यातच होता, आतल्या उतारावर.

"उतारावर म्हंजे पानी साचायचं न्हाई," ते म्हणाले. तिथे पाणीच नाही, असं मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला. "आन शेजारी कोन हाय?"

"कोणीच नाही."

"म्हंजे बांधाची कटकट न्हाई!" ते इतके खूश झाले की पुढे आणखी काही सांगणं माझ्या जिवावर आलं. अजूनही बाजारात भेटले की "काय म्हणतोय आमचा प्लॉट?" असं विचारतात आणि मी "जागेवर आहे" म्हणते.

पण आज सांगायचंय ते एका खड्ड्याबद्दल आणि त्याच्या नावाबद्दल.

आधी नावांची रीत सांगते. ग्रहांवरच्या जागांना नावं देणारी एक जागतिक समिती आहे. मंगळावरच्या मोठ्या खड्ड्यांना दिवंगत शास्त्रज्ञांची वगैरे नावं देतात. लहान खड्ड्यांना मात्र पृथ्वीवरच्या लहान गावांची नावं मिळतात. मोठ्या शहरांना तिथे जागा नाही, ही मला फार आवडलेली गोष्ट. मात्र समिती बजावून सांगते की हा सन्मान नव्हे, सोय आहे. कुणी एखाद्या खड्ड्यावर शोधनिबंध लिहीत असेल आणि नावावाचून अडत असेल, तरच नाव मिळतं. हौसेने मागितलं तर मिळत नाही. मी आयुष्यभर इतके खड्डे मोजले, पण नाव द्यावं लागेल असा एकही माझ्या वाट्याला आला नव्हता. याची मला खंत होती. कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण होती.

असा खड्डा मिळाला तो रेश्माला. रेश्मा माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, म्हसवडच्या बाजूची. तिच्या वाट्याच्या भागात एका खड्ड्याचा काठ फोडून एक कोरडी नदी आत शिरलेली होती आणि आत गाळ पंख्यासारखा पसरला होता. नदी साचलेल्या पाण्याला मिळते तिथेच गाळ असा पसरतो. म्हणजे हा खड्डा कधीकाळी तळं होता. प्रश्न होता, कधी? पहिल्या मोजणीत रेश्माने तो गाळ भलताच म्हातारा ठरवला. मी तिला उडालेल्या दगडांच्या माळा दाखवल्या. ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली. दुसऱ्या मोजणीत वय उतरलं आणि मामला रंगला, कारण मंगळावरचं बरंचसं पाणी आटलं असं आपण मानतो, त्यानंतरही इथे पाणी होतं असं दिसत होतं. निबंध लिहायला घेतला. पानापानावर "अमुक अक्षांश, तमुक रेखांशावरचा खड्डा" लिहून आम्ही दोघी वैतागलो. आता नाव लागणारच होतं.

त्याच सुमारास रेश्माचे वडील मारुतराव साताऱ्याला आले. निवृत्त हवालदार, पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसे तेही गावात मेजर. मिलिटरी कॅन्टीनमधून सामान घेऊन पिशव्यांसकट माझ्या खोलीत आले आणि खुर्चीत अगदी ताठ बसले. रेश्माने कौतुकाने पडद्यावर खड्डा दाखवला.

"टेकडी हाय की ही झ्याक," मेजर म्हणाले. "वर चौकी टाकली तर चारी बाजू दिसत्याल."

मी फोटो फिरवला.

"आरं तिच्या! खड्डा झाला की!" ते पुढे वाकले. मग मी नदी दाखवली, गाळ दाखवला, इथे पाणी होतं म्हणून सांगितलं.

"आन ते ग्येलं कुठं?"

"काही उडून गेलं असेल, काही जमिनीखाली बर्फ होऊन बसलं असेल."

मेजरांनी पडद्यावरच्या कोरड्या नदीवर बोट टेकवलं. "बरं हाय," ते म्हणाले. "तितलं पानी ग्येलं. आमचं आलं आन ऱ्हायलं."

मला कळलं नाही. मग रेश्माने सांगितलं. त्यांचं गाव कारवशी, साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरात. ते धरणात गेलं. माणसांना उठवून पूर्वेला, म्हसवडजवळ माणच्या माळावर वसवलं. मेजर तेव्हा सरहद्दीवर होते. गाव उठणार हे त्यांना माहीत होतं, कधी ते माहीत नव्हतं. घरून धाडलेलं पत्र चुकामूक होऊन मागे राहिलं आणि हे सुट्टीवर निघाले.

"साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो," मेजर सांगू लागले. "ट्रंक खांद्यावर, अंगात वर्दी. म्हटलं, कारवशीची गाडी कवा हाय? त्यो कंट्रोलर माझ्याकडं बगाय लागला. म्हनला, मेजर, गाडी बंद झाली, गाव उठलं की. म्हटलं, मग आमची मानसं कुठं हायती? त्यो म्हनला, म्हसवडकडं गेल्यात म्हनत्यात. आता म्हसवडकडं म्हंजी कुठं? बॉर्डरवर हुतो, मॅडम, तवा डोळं मिटून सांगितलं असतं घर कुठं हाय. घरला आलो आन हरवलो."

हे ते हसत सांगत होते. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. नव्या वसाहतीला नावच नव्हतं. शेजारच्या जुन्या गावच्या कागदोपत्री ते 'पुनर्वसित गावठाण'. माणसं म्हणतात 'पुनर्वसन'. पोरीला बघायला पाहुणे आले की विचारतात, गाव कुठलं, आणि उत्तर काय तर पुनर्वसन. "धरणासाटी गाव सोडलं, आन उन्हाळ्यात टँकरची वाट बगत बसतो. ते बी एक वेळ ऱ्हाऊ द्या. पर नाव तरी ठेवायचं हुतं का न्हाई सरकारनं?"

रेश्माने माझ्याकडे बघितलं. मीही तेच ठरवत होते. "मेजर," मी म्हणाले, "या खड्ड्याचं नाव कारवशी ठेवायचं म्हणतोय आम्ही." त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. मग ते उठले आणि काय करावं ते न सुचून त्यांनी पिशवीतला बिस्किटांचा पुडा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

प्रस्ताव रेश्माने भरला, मी तपासला. त्यात दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात, मंगळावरच्या खड्ड्याचे आणि पृथ्वीवरच्या गावाचे. मंगळावरचे आकडे मी पुन्हा पुन्हा ताडून बघितले. पृथ्वीवरचे काय तपासायचे? ज्याचं गाव, त्याला माहीत.

काही आठवड्यांनी समितीचं उत्तर आलं. अतिशय सभ्य. तुम्ही दिलेल्या ठिकाणी आमच्या नकाशात जलाशय दिसतो, कृपया जिथे माणसं राहतात ती जागा कळवावी.

मी रेश्माला बोलावलं. "अगं, हे आकडे कुठून घेतलेस?"

"नकाशावरून, मॅडम. कारवशीवर बोट ठेवून."

"पण तिथे पाणी आहे."

"व्हय की," ती म्हणाली. "पाण्याखालीच हाय कारवशी."

एरवी माझ्याशी पुस्तकी बोलणारी ही मुलगी त्या वेळी घरच्यासारखी बोलली. रेश्माचा जन्म वसाहतीतला. कारवशीत ती एक दिवसही राहिलेली नाही. तरी गाव कुठे म्हटलं की तिचं बोट पाण्यावरच गेलं. या चुकीवर मी तिला बोलू शकले नाही. समितीही काही चुकीचं सांगत नव्हती. नियम जिवंत गावांसाठी होता. माळावर माणसं होती पण नाव नव्हतं, आणि नाव होतं तिथे माणसं नव्हती.

रस्ता एकच होता. मंगळावर कारवशी व्हायची असेल तर आधी पृथ्वीवर व्हायला हवी. वसाहतीने ग्रामसभेत ठराव करून रीतसर ते नाव घ्यायचं. मेजर कामाला लागले. घरोघर फिरले, तालुक्याला खेटे घातले. इतकी वर्षं कुणी हलवलं नव्हतं ते मंगळाच्या निमित्ताने हललं. ग्रामसभेला मला मुद्दाम बोलावलं, मंगळाचं काय ते लोकांना समजावून सांगायला.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. जुन्या गावच्या सरपंच बाई खुर्चीवर होत्या. त्यांची हरकत नव्हती. "तुमी आदी आपसात ठरवा, आमी अंगठा देतो," असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मी खड्डा समजावला, पाणी समजावलं, रस्त्याचं उदाहरण दिलं, लोक हसले. मेजर ठराव वाचायला उठले. तेवढ्यात बायकांमधून एक म्हातारी उभी राहिली. सडपातळ, पदर खोचलेला, आवाज खणखणीत.

"आवं बाई," ती मला म्हणाली, "मंगळावर एकच खड्डा हाय का?"

"नाही हो, लाखो आहेत."

"मग आमच्या पाथरखोलानं काय घोडं मारलंय?"

ही हौसाक्का. तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं की वसाहतीत एकट्या कारवशीची माणसं नाहीत. त्याच धरणात गेलेलं दुसरं गाव पाथरखोल. त्याचीही निम्मी घरं इथेच. वसाहतीचं नाव कारवशी झालं तर पाथरखोल पुन्हा एकदा बुडणार होतं, आणि या वेळी शेजाऱ्यांच्या हातून.

मी तिला नियम सांगितला, की शास्त्राला गरज लागेल त्याच खड्ड्याला नाव मिळतं.

"मग आमच्या खड्ड्याची गरज लागंल असं कायतरी हुडका की," हौसाक्का म्हणाली. सभा हसली. मला मात्र तिचं म्हणणं पटत होतं.

मेजर चिडले. "अक्का, माझ्या पोरीनं शोधलाय खड्डा. डोळं फोडून घेतल्यात तिनं."

"पोरगी तुझी, मारुती, कोन न्हाई म्हनतंय?" हौसाक्का शांतपणे म्हणाली. "पर तू हुतास बॉर्डरवर. पाऊस धो धो, गाडी मिळंना, दवाखाना लांब. हिच्या आयचं बाळंतपन केलं ते ह्या हातांनी. पाथरखोलच्या."

मेजरांनी ठरावाचा कागद दुमडून खिशात घातला आणि ते खाली बसले. दुसऱ्या कुणीतरी सुचवलं, दोन्ही नावं लावा. कारवशी-पाथरखोल. हात वर झाले. पहिला हात हौसाक्काचा होता, मेजरचा जरा उशिरा.

शासकीय सोपस्कार व्हायला वेळ लागला, पण झाले. आम्ही समितीला नवी जागा कळवली. उत्तर आलं, जोडनाव फार लांब आहे, दोहोंपैकी कुठलंही एक चालेल, कळवा. मला मनातून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मेजरांच्या मनासारखं होत होतं आणि माझ्याही. पृथ्वीवर दोघांचं राहिलं, मंगळावर कारवशी. कुणाचंच नुकसान नाही. फोनवर सांगण्याऐवजी मी म्हसवडची एसटी धरली.

मेजरांच्या ओसरीवर चहा आला. मी बातमी सांगितली. मेजरांचा चेहरा आधी उजळला, आणि मग त्यांनी विचारलं, "आन पाथरखोल?"

"एका खड्ड्याला एकच नाव, मेजर."

ते उठले, गल्लीत जाऊन हाक मारली आणि हौसाक्काला घेऊन आले. तिला सगळं पुन्हा सांगितलं. म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "घे की रं मारुती. तुझ्या लेकीचा खड्डा हाय. ग्रामसभेत बोलली ती बोलली, आता मी काय रडत न्हाई."

"मला नगं. पाथरखोल लावा, मॅडम."

"मी भीक मागितली का तुला?"

"मग मी मागितली व्हय?"

ज्या दोघांनी नावासाठी भर सभेत भांडण केलं, तेच आता नाव एकमेकांच्या अंगावर ढकलत होते, आणि तितक्याच तारस्वरात. माझा चहा निवला. मधे पडायचा मी एकदा प्रयत्न केला, तर दोघांनीही मला गप्प केलं. शेवटी मेजर माझ्याकडे वळले.

"मॅडम, एकदमच उठलो आमी, दोन्ही गावं, एकाच साली. आता मंगळावर एकट्यानं कुठं जायाचं? ऱ्हाऊ द्या त्यो खड्डा तसाच."

"नावाशिवाय?"

"इतकी वर्सं आमी ऱ्हायलो की नावाबिगर," मेजर म्हणाले. "मेलो न्हाई. त्याला काय व्हतंय?"

परतीच्या गाडीत मला वाईट वाटत होतं, आणि ते त्यांच्यासाठी नव्हतं. स्वतःसाठी होतं. माझ्या हातून एकाही खड्ड्याचं बारसं झालं नाही, आणि आता होणारही नाही. मी प्रस्ताव मागे घेतला. निबंधात खड्डा अक्षांश-रेखांशांनीच ओळखला गेला, पानापानावर, वाचणाऱ्याचा जीव जाईपर्यंत.

मात्र एक तळटीप घालायचं रेश्माने ठरवलं. या खड्ड्याला नाव का नाही, असं कुणीही विचारलं असतं, म्हणून तिने लिहिलं, "दोन गावांच्या इच्छेवरून या खड्ड्याला नाव दिलेलं नाही." शास्त्रीय निबंधात असं वाक्य बसत नाही, संपादक ते कापणार, अशी माझी खात्री होती. ते तिला सांगितलंही. पण मी ते खोडलं नाही.

संपादकांनी ते कापलं नाही. उलट समासात एक शेरा मारून निबंध परत पाठवला, "कुठली गावं? नावं लिहा." शास्त्रज्ञ माणूस, मोघम विधान त्यालाही चालेना.

रेश्मा माझ्या शेजारी बसून टाइप करत होती. वसाहतीच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवर कारवशी आधी आहे, पाथरखोल नंतर. मला वाटलं, तेच उतरवेल. तिने लिहिलं, "पाथरखोल आणि कारवशी."